वाईत जुनं घर घ्यायचंय? आधी माणसं, मग कागद, मग लाकूड

पुण्या-मुंबईकडून वाईत घर शोधायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "वाडा केवढ्याला मिळेल?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. जुन्या गावातलं घर स्वस्त दिसतं, कारण त्याच्या मालकीत बरीच माणसं गुंतलेली असतात, कागद दोन-तीन पिढ्या मागे राहिलेले असतात आणि तुळया आतून पोखरलेल्या असू शकतात. या तीन गोष्टी सोडवायला किती पैसा आणि किती काळ लागेल ते कळलं, की घराची खरी किंमत कळते. मी वाईत राहतो, हे गाव मला फार प्रिय आहे आणि इथे नव्याने येणाऱ्यांनी नीट घर घेऊन नीट राहावं असं मनापासून वाटतं. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे. भोर, फलटण, सासवड, जुन्नर अशा गावांतही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

गाव आधी पायाखाली घाला

वाई कृष्णेच्या काठाने वाढली. गावाची ओळख सात आळ्यांची आहे: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. आळीला आपापला घाट आहे, आणि थंडी सरताना आळीआळीत पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. आळीत घर घेणारा माणूस या उत्सवातही आपोआप येतो. वर्गणी आणि प्रसादाचं जेवण ओघाने येतंच, पण लोक त्यापेक्षा तुमच्या हजेरीकडे बघतात. ज्यांना शेजाऱ्यांशी संबंध न ठेवता राहायचं आहे त्यांनी आळीत घर घेऊ नये, गावाबाहेरच्या वसाहतीत बघावं. यात कमीपणा काहीच नाही.

पुण्याहून वाई साधारण ८५ ते ९० किलोमीटर. महामार्गाने खंबाटकी घाट उतरलं की सुरूर फाट्यावरून आत वळायचं. सातारा ३५ किलोमीटरच्या आसपास. एसटीचं आगार गावातच आहे, रेल्वेसाठी मात्र वाठार किंवा सातारा गाठावं लागतं. रोजचे दवाखाने गावात आहेत, पण हृदयाचं किंवा मेंदूचं काही निघालं तर सातारा नाहीतर पुणं. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर हा हिशोब आधी करा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी पसरणी घाटाकडचा रस्ता तुंबतो. त्या रस्त्यालगत घर घेणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी दूध आणायलाही वेळ लागतो.

या गावाचं वाचनाचं अंग फार मोठं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेत घडले आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथूनच उभं केलं. इतक्या लहान गावात असं काम उभं राहिलं, ही मला वाईची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते.

घेण्याआधी भाड्याने राहा

हा सल्ला बहुतेक जण ऐकून सोडून देतात, पण यानेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. ११ महिन्यांचा नोंदणीकृत भाडेकरार करा आणि त्यात पावसाळा पूर्ण येईल असं बघा. आषाढ-श्रावणात घाटावर पाणी कुठवर येतं, कुठल्या बोळात चिखल साचतो, दिवसातून किती वेळ नळाला पाणी असतं, वैशाखात नदीचं पात्र आटून जलपर्णी आणि सांडपाण्याचा वास कुठल्या आळीत येतो, हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नसतं.

भाड्याने राहण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा. जुन्या गावातली चांगली घरं जाहिरातीत येत नाहीत. किराणा दुकानात, देवळात, ग्रंथालयात तोंडओळख झाली की मग कुणीतरी सांगतं, "अमक्यांचा वाडा बंद आहे, मुलं पुण्याला असतात, विचारून बघा." एजंटकडे येते ती बहुधा आधी दोघा-तिघांनी नाकारलेली मालमत्ता.

नेमकं काय विकत घेताय

वाईत चार प्रकारची घरं मिळतात आणि प्रत्येकाची जोखीम वेगळी.

नव्या इमारतीतला फ्लॅट किंवा रो हाऊस घेत असाल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाचा, नोंदणी क्रमांक (जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका ८ पेक्षा जास्त, असं दोन्ही असेल तर तो सक्तीचा आहे), नगरपालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) बघा. इथे फारसं गूढ नाही.

प्लॉट घेत असाल तर जमीन बिनशेती झाल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन (लेआउट) हवं. "गुंठेवारीचा आहे, सगळे घेतात" (म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेला तुकडा) हे वाक्य ऐकलं की थांबा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करता येतात, त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना त्याचा आधार नाही. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. पाचगणीच्या बाजूला वर चढलात की महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे २००१ पासूनचे निर्बंध आडवे येतात. आणि कृष्णेवरच्या धोम धरणाच्या किंवा पाचगणीच्या दिशेचे प्लॉट आता स्वस्त राहिलेलेही नाहीत.

तिसरा प्रकार एकाच मालकाचा अख्खा वाडा, आणि चौथा वाड्यातला हिस्सा. दिसायला सगळ्यात स्वस्त हाच चौथा. पुढचा बराचसा लेख तिसऱ्या-चौथ्याबद्दल आहे.

नदीला विचारा

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. ते अगदी घाटावर आहे. त्याच्या मागच्या बाजूची भिंत माशाच्या आकाराची काढलेली आहे, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. त्या काळच्या बांधणाऱ्यांनी नदी येणार हे धरूनच बांधकाम केलं. धोम धरण झालं तरी जोराचा विसर्ग सोडला की घाट आणि देवळाचा परिसर पाण्याखाली जातो.

म्हणून नदीकडेचं घर बघताना निळी आणि लाल पूररेषा नगरपालिकेत विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. जुनं घर पाडून नवं बांधायचा बेत असेल तर हे उत्तर लेखी घ्या, कारण पाडल्यावर परत तेवढंच बांधता येईल याची खात्री नसते. कागदाबरोबर डोळेही वापरा: तळमजल्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर आडवी डागाची रेघ, खालच्या कपाटांची फुगलेली फळकुटं, नुकताच फक्त खालच्या चार फुटांना दिलेला रंग.

घर एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ असेल तर तेही तपासा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र असतं.

माणसं: मालक नेमके कोण

आता खरी गोष्ट. वाडा पणजोबांच्या नावावर. त्यांना तीन मुलं, दोन मुली. पुढे त्यांची मुलं, नातवंडं. वाड्यात राहणारा एकच धाकट्या पातीचा नातू, बाकी पुणे, नाशिक, बडोदा, अमेरिका. तो नातू म्हणतो, "सगळ्यांची संमती आहे हो. आत्या काय नाही म्हणणार?" मनाने तो खरं बोलत असतो, पण आत्याला कुणी विचारलेलं नसतं.

हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे आत्या, आत्याच्या पश्चात तिची मुलं, काका वारले असतील तर काकू, या सगळ्यांच्या सह्या लागतात. "बहिणींनी हक्क सोडलाय" असं सांगितलं तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र मागा. साध्या कागदावरची सही किंवा नोटरी चालत नाही.

आधी वंशावळ काढा. पणजोबांपासून खाली एकेक नाव, हयात की मयत, लग्न कुठे झालं, वारस कोण. हे काम वकिलावर टाकू नका, घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंजवळ बसून स्वतः लिहून घ्या. "आजी, तुमच्या सासूबाईंना नणंदा किती होत्या?" असं विचारलं की जी नावं निघतात ती कुठल्याही उताऱ्यावर नसतात. मग प्रत्येकाशी स्वतः फोनवर बोला. सौदा आवडला नाही म्हणून कोणी नाही म्हणालं तर ते आज कळलेलं बरं.

फक्त एकाचा हिस्सा घ्यायचा मोह होतो, कारण तो निम्म्या-पाव किमतीत मिळतो. इथे मी ठामपणे सांगतो: घेऊ नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात सामायिक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावायचा म्हटलं, तर १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ कुटुंबातल्या हिस्सेदाराला तुमचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला विकत घेऊ देतं. शिवाय वारसाने मिळालेल्या मालमत्तेत पहिल्या वर्गातला (मुलं, पत्नी, आई असा जवळचा) एक वारस विकत असेल, तर बाकीच्यांना आधी घेण्याचा हक्क आहे. म्हणजे पैसे देऊन तुम्ही वर्षानुवर्षं दाव्यात, आणि वाड्यात पाऊलही नाही. आधी त्यांच्यात नोंदणीकृत वाटपपत्र होऊ द्या, प्रत्येकाचा उतारा वेगळा होऊ द्या, मग त्या वेगळ्या झालेल्या हिश्श्याचा विचार करा.

परदेशातला हिस्सेदार मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) पाठवतो. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, इथे आल्यावर वेळेत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, आणि सही करण्याच्या दिवशी तो हयात असल्याची खात्री हवी, कारण माणूस गेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेता येत नाही, खरेदी खत लागतंच. हिस्सेदारांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

खाली दुकान किंवा मागे दोन खोल्यांत जुना भाडेकरू असेल तर घर विकल्याने त्याचा हक्क संपत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण असेल तर तुम्ही फक्त त्याचे नवे घरमालक ठरता. "खरेदीनंतर काढून देतो" यावर विसंबू नका, रिकामा ताबा मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

कागद

गावठाणातल्या घराला सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मिळकत पत्रिका असते. सातबारा शेतजमिनीचा. मिळकत पत्रिकेवर धारकांची नावं, क्षेत्र, सत्ता प्रकार (जागा कुठल्या हक्काने धारण केली आहे ते) आणि शेरे बघा. सत्ता प्रकारात सरकारी अट दिसली तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. देवस्थान इनामाचा, म्हणजे देवळाला दिलेल्या जमिनीचा, शेरा असेल तर तिथेच थांबा. वाईसारख्या देवळांच्या गावात हा शेरा अगदी साध्या दिसणाऱ्या जागेवरही निघतो. उताऱ्याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयातून जुनी चौकशी नोंदवहीही काढून घ्या. सिटी सर्व्हे झाला तेव्हा कोणाचं नाव का लावलं, हे त्यातच कळतं.

घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. पावती फक्त कर कोण भरतो ते सांगते.

दुय्यम निबंधक कार्यालयात ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या, त्यात गहाणखत, साठेखत (खरेदीआधीचा करार), मृत्युपत्र काही नोंदलं आहे का ते कळेल. दिवाणी न्यायालयात प्रत्येक हिस्सेदाराच्या नावाने दावा चालू आहे का ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुम्हाला स्वतःलाही बघता येतं. स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि हिस्सेदार पुण्या-मुंबईत असतील तर तिथल्या आवृत्तीतही द्या. मग हद्द कायम मोजणी, म्हणजे सीमा ठरवणारी सरकारी मोजणी. जुन्या गावात भिंती सामायिक असतात, बोळ वहिवाटीचे असतात आणि शेजाऱ्याच्या पागोळ्या तुमच्या परसात पडतात. यातलं काय हक्काचं आणि काय नुसतं चालत आलेलं, हे शेजाऱ्याला सोबत घेऊन मोजणीच्या दिवशीच बोलून घ्या.

जुन्या वाड्यावर बँका सहजी कर्ज देत नाहीत. इमारतीचं वय, भारवाहक भिंती, नसलेला मंजूर नकाशा अशा अडचणी काढतात. म्हणून विसार (आगाऊ रक्कम) देण्याआधी बँकेकडून लेखी अंदाज घ्या.

लाकूड आणि भिंत

वाड्याची बांधणी साधारण अशी: दगडी जोतं, खाली दगड आणि वर पक्क्या-कच्च्या विटांची जाड भिंत, दगडी उथळ्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (लाकडी तक्तपोशी), वर वासे, रिपा आणि कौलं. मापही खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, सांगतात. भार लाकडावर असतो, म्हणून लाकूड आधी बघा.

पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) घेऊन जा. खांबाचा मधला भाग चकचकीत असतो, त्याकडे लक्ष देऊ नका. खांब उथळ्याला टेकतो तिथे आणि तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचून बघा. सडायला सुरुवात याच दोन ठिकाणी होते, कारण कौल सरकलं की पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं टोक वर्षानुवर्षं ओल्यात राहतं. पेचकस बोटभर आत गेला तर ती तुळई बदलायची. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी. वरच्या मजल्यावर चालताना जमीन लवते का बघा, आणि गोळी किंवा लिंबू सोडून उतार कुठे जातो ते पाहा.

भिंतीचा खालचा भाग पांढरट होऊन भुगा पडत असेल तर लोणा आहे. त्यावर सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर नुकसान जास्त असण्याची शक्यता आहे. मातीची आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते, सिमेंट ती आतच कोंडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरून खाली येतं. दुरुस्ती चुन्यातच करायची. चुना मुरवून काम करणारे गवंडी कमी झाले आहेत, तेव्हा घर ठरवण्याआधी गवंडी आणि सुतार ठरवा, आणि त्यांनाच घर दाखवायला न्या. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा त्यांच्याबरोबर एकदा शांतपणे बघून या. चौक, ओसरी, पाण्याचा उतार कसा काढला आहे हे तिथे डोळ्यांसमोर दिसतं.

आणखी एक. जुन्या सागवानाला चांगला भाव येतो. सौदा ठरल्यावर आणि ताबा मिळण्याआधी कोरीव हस्त (तुळईखालचे लाकडी आधार), दिंडी दरवाजा, झरोके निघून गेल्याची उदाहरणं आहेत. "तदंगभूत वस्तूंसह" (घराला जोडलेल्या वस्तूंसकट) या ठरीव शब्दांवर भागवू नका. खरेदी खताच्या परिशिष्टात दार, खिडक्या, खांब मोजून लिहा आणि फोटो जोडा.

किंमत आणि व्यवहार

आता किंमत. शेजारच्या मालमत्तांच्या नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (व्यवहाराची नोंद आणि रक्कम दाखवणारा उतारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघा, रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा, दर बघा आणि दोन्हींतला फरक समजून घ्या. मग गवंडी-सुताराचा दुरुस्तीचा आकडा वजा करा. माझा हिशोब असा की बराच काळ बंद असलेल्या वाड्यासाठी खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला हवी. ती नसेल तर लहान घर घ्या.

विसार छोटा ठेवा आणि नोंदणीकृत साठेखत करा. पैसे चेकने किंवा बँकेतून, प्रत्येक हिस्सेदाराच्या खात्यात त्याच्या वाट्याप्रमाणे. "सगळे माझ्याकडे द्या, मी वाटतो" हे मान्य करू नका. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने देणं-घेणं कायद्याला मान्य नाही. विकणाऱ्यांत एकजण जरी अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावरचा कर तुम्हाला कापून भरावा लागतो, रक्कम ५० लाखांच्या खाली असली तरीही. सीए आधी गाठा. मुद्रांक शुल्काचा दर नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगळा असतो, बाईच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार.

ताबा मिळाल्यावर

पहिल्याच आठवड्यात फेरफारासाठी अर्ज करा, मिळकत पत्रिकेवर नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. घरपट्टी, पाणीपट्टी, वीज मीटर त्यानंतर. जुनी थकबाकी खरेदीआधी भरलेली हवी, नसेल तर ती तुमच्याकडे येते.

दुरुस्ती वरून खाली. आधी कौलं शाकारून घ्या, फुटकी बदला, पन्हाळी बसवा. मग परसातल्या आणि चौकातल्या पाण्याचा निचरा. मग तुळया, भिंती. वायरिंग सगळं नवं करा, जुन्या लाकडी घरात यावर काटकसर नको. फरशी, रंग, स्वयंपाकघराचे ओटे यांना एक पावसाळा जाऊ द्या. त्या पावसात छत्री घेऊन माळ्यावर चढा, टॉर्च लावा आणि जिथे जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. पुढच्या चैत्रात शाकारणीला माणसं येतील तेव्हा त्यांना या खुणा दाखवा.